घट्ट पाणी

इंझोरी,
९ जानेवारी १९७७

वहाब,

जयभीम. सलाम तू घेणार नाहीस, तरी लिहून ठेवतो. रिसोडला तुझ्या मेव्हण्याच्या दुकानाचा पत्ता मी पोस्टमास्तरांकडून मिळवला. तू दिला नव्हतास, हे मला माहीत आहे.

पत्र फाडण्याआधी एवढं वाच. दोन महिन्यांची रजा टाकून मी गुजरातहून आलो आहे, आणि मी आपली विहीर साफ करणार आहे.

'आपली' लिहिलं खरं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीनं ती खणली तेव्हा दगड फोडायला तूही होतास, म्हणून लिहिलं. पुढचं तुला सांगायला नको. तुझ्या चक्कीची डिझेलची टाकी जमिनीत पुरली, टाकी गळली, तेल मुरमातून झिरपत विहिरीत आलं. गेल्या वैशाखात वस्तीनं बैठक घेतली. तू चक्कीला कुलूप घातलंस, इंजिनचा पट्टा खांद्यावर टाकलास आणि तुझ्या अम्मीला, रहमतबी चाचींना, हुस्नाबानो भाभीला आणि पोरांना घेऊन निघून गेलास. त्या बैठकीला मीही होतो. त्याबद्दल आज लिहीत नाही.

विहिरीवर अजून तवंग आहे. सगळी उपसली तरी तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास. आमचा शेषरावदादा म्हणतो, विहीर मेली, आता बुजवा. मी म्हणतो, मेली नाही. तेल विहिरीत नाहीच, ते चक्की आणि विहिरीच्या मधल्या मुरमात अडकलं आहे आणि थेंबाथेंबानं येतं आहे.

आमच्या प्रयोगशाळेत हेच काम चालतं. काचेच्या नळीत वाळू ठासून भरायची, तिला तेल पाजायचं आणि मग एका टोकानं पाणी सोडून ते तेल ढकलायचं. तुला वाटेल, सगळं तेल बाहेर येईल. येत नाही. पाणी पातळ आणि लबाड असतं. वाळूतून एखादी सोपी वाट धरतं आणि तिथूनच पळत सुटतं. आजूबाजूचं तेल जागच्या जागी बसून राहतं. म्हणून पाणी घट्ट करायचं. साहेब लोक त्यात घालायच्या पदार्थाला पॉलिमर म्हणतात. आमच्याकडे गवारीच्या बियांची भुकटी वापरतात. चिमूटभर घातली की पाणी शेंबडासारखं होतं. असं पाणी पळत नाही. ते सगळ्या वाटा भरत, रांगेनं पुढे सरकतं आणि तेलाला पुढे घालून नेतं.

तेच मी इथे करणार आहे. टाकीच्या खड्ड्यातून घट्ट पाणी सोडायचं आणि पलीकडे विहीर उपसत राहायचं. एक पोतं भुकटी सोबत आणली आहे.

तू काही करावंस असं नाही. कळवलं, इतकंच.

उकंडा


इंझोरी,
१७ जानेवारी

वहाब,

टाकी उकरून काढली. पत्रा शाबूत आहे. गळत होता तो फक्त नळीचा जोड. त्याबद्दल नंतर.

खड्डा मुरमापर्यंत खोल केला. परवा घट्ट पाणी ओतलं. ते मुरत आहे, सावकाश मुरत आहे. या पाण्याचा स्वभावच तसा. जोरात ढकललं की ते पातळ होतं, हळू जाऊ दिलं की घट्ट राहतं. त्यामुळे घाई करायची नाही. दादाला मी हेच सांगतो आणि दादा माझ्याकडे असं बघतो की जणू मी कीर्तनकार आहे.

काल सकाळी आईच्या मागे मागे वरच्या विहिरीवर गेलो. तिनं नको म्हटलं होतं. माणिकरावांची विहीर तुला आठवते. आता कायदा आहे, माणिकराव काही 'शिवू नका' म्हणत नाहीत. फक्त म्हणतात, गर्दी होते, काठावर चढू नका, आमचा गडी घालेल पाणी. मग बाया खाली उभ्या राहतात आणि सेवालाल वरून ओततो. माझी आई कळशी धरून उभी होती. तीच पंचफुलाबाई, जिनं आमची विहीर लागली त्या दिवशी गूळ वाटला होता आणि म्हणाली होती, आता कोणासमोर भांडं वर करणार नाही.

मी तिथून परत आलो. तिला दिसलो नाही, असं मला वाटतं.

लिहिण्यासारखं आणखी काही नाही. काम चांगलं चाललं आहे.

उकंडा


इंझोरी,
२४ जानेवारी

वहाब,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पाणी मुरत नव्हतं. पहिल्या तासात वीतभर उतरलं आणि मग थांबलं ते थांबलंच. पाच दिवस खड्डा तसाच भरलेला, वर माशा.

झालं असं. प्रयोगशाळेत ढवळायला विजेचं यंत्र असतं. इथे मी हौदात पाणी घेतलं, भुकटी ओतली आणि काठीनं घुसळलं. वरून एकसारखं दिसलं, पण आत गाठीच गाठी. बाहेरून ओल्या, आत कोरडी भुकटी. त्या गाठी खड्ड्याच्या तळाशी जाऊन बसल्या आणि मुरमाची सगळी तोंडं बंद झाली. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नळीत असं झालं की आमचे साहेब नळी फेकायला लावतात. इथे काय फेकू?

आई काठावर येऊन बसली. तिनं खड्ड्यात हात घातला, एक गाठ काढली आणि बोटांनी फोडली.

"हे कोनं केलं?" ती म्हणाली.

"मी."

"पिठलं करतानी पाह्यलं नाही कधी? पीठ असं बदकन टाकतेत काय? वैरा लागते. एका हातानं भुरभुरव, दुसऱ्या हातानं हाटत राय. आन मंग फडक्यानं गाळ."

सोळा वर्षांचं शिक्षण आणि सहा वर्षांची नोकरी. ही गोष्ट तिनं चुलीपुढे बसून मला हजार वेळा दाखवली होती.

खड्ड्याच्या तळाचा हातभर मुरूम खरवडून काढला. नवी माती उघडी पडली आहे, साध्या पाण्याचा तांब्या ओतला तर मुरतो. म्हणजे जागा वाचली. भुकटी मात्र संपली. गुजरातला तार केली. साहेबांचं उत्तर आलं, घरगुती कामाला नमुना मिळणार नाही.

गवार मात्र इथेही आहे. वस्तीतल्या बायांनी घराघरांतून बी काढलं. वाळलेल्या शेंगा कुडाला टांगलेल्या असतातच. ते भाजून, भरडून, टरफल पाखडून, आतली कडक डाळ मैद्यासारखी दळावी लागते. जात्यावर जमत नाही, मी पाहिलं. आईचा आणि चक्कीशेजारच्या धुरपताबाईचा हात सोलला. त्याला चक्की पाहिजे. दगडांमधली फट केसाएवढी लावणारा माणूस पाहिजे.

इंजिन आहे, दगड आहेत, किल्ली आणि पट्टा तुझ्यापाशी आहे.

पट्टा एसटीनं पाठवलास तरी चालेल. तू आलास तर बरं होईल.

उकंडा


इंझोरी,
२ फेब्रुवारी

वहाब,

तुझं उत्तर नाही. मी रोज एसटीवर जातो. कामरगावच्या गाडीचा कंडक्टर मला लांबूनच मान हलवून दाखवतो.

माणिकरावांनी निरोप पाठवला आहे. होळीपर्यंत पाणी देऊ, पुढे आमच्याच बैलांना पुरणार नाही. होळी पाच मार्चला. बातमी ऐकून दादा म्हणाला, "त्या चक्कीवाल्यानं पाह्य कसं मारलं आपल्याले." मी जेवत होतो. जेवत राहिलो.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. ज्या वस्तीनं घालवलं, तिच्यासाठी का यावं? मीही आलो नसतो. पण वहाब, माणसं चिडलेली होती. आठ-दहा पोरांना हगवण लागलेली, बायांना वरच्या विहिरीवर जावं लागलेलं. अशा वेळी कोणाचं तरी नाव लागतं. जोड नीट बसला नव्हता, हे तर खरंच. कोणाचा हात कुठे

हे वाक्य पुरं करत नाही. उद्या लिहितो.

उकंडा


इंझोरी,
३ फेब्रुवारी

वहाब,

कालचं पत्र मी टाकलंच. खाडाखोड करून दुसरं लिहिलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं.

पंचाहत्तरच्या दिवाळीत मी आलो होतो. तुझं डिझेलचं पिंप चक्कीच्या भिंतीशी उघड्यावर असायचं आणि धुरपताबाईच्या चुलीच्या ठिणग्या तिकडे उडायच्या. तू मला विचारलंस, काय करू? मी म्हणालो, टाकी जमिनीत पुर, आमच्याकडे सगळ्या टाक्या पुरतात. तू म्हणालास, "मंग जोड कारंज्याहून वेल्डिंग करून आनतो." मी हसलो. तुला म्हणालो, तेलाच्या प्रयोगशाळेत कोण आहे, तू का मी? सुतळी गुंडाळायची, सफेदा लावायचा, वीस वर्षं हलत नाही.

सुतळी मी गुंडाळली. माझ्या हातानं. सफेदाही मीच लावला.

पाण्याच्या नळाला ते चालतं. डिझेल सफेद्याला हळूहळू खाऊन टाकतं, हे मला माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं, कारण मी तिथे नळ्या धुतो, वहाब. वाळू भरतो, नळ्या धुतो आणि साहेब सांगतील ते आकडे वहीत लिहितो. टाकी कशी पुरतात ते मी जन्मात पाहिलेलं नाही. पण गावात आलो की सगळे विचारायचे. इंजिन बंद पडलं, उकंडाले विचारा. बैल चरत नाही, उकंडाले विचारा. आमच्या वस्तीतला बाहेर शिकलेला पहिला माणूस मी. 'मला येत नाही' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघायचेच नाहीत.

आणि बैठक. दादा ओरडत होता, "टाकी पुराची अक्कल कोनाची?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली वाकून चप्पल शोधायला लागलो. चप्पल माझ्या पायातच होती. मग तू म्हणालास, "माहीच."

तेव्हापासून आठ-नऊ महिने झाले. दुपारी नळीतून तेल पुढे सरकताना बघत बसलो की तेच ऐकू येतं. लाज वाटते. दुसरा शब्द मला सापडत नाही.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. आता तरी ये.

उकंडा


रिसोड
ता. ८ फेब्रुवारी

उकंड्या,

तुहे पाचही कागद भेटले. सातवीपर्यंत तुह्याच बाकावर बसलो, मनून मले तुहं अक्षर वाचता येते, दुसऱ्या कोनाले नाही आलं असतं.

एक सांग. चक्की पाह्यजे होती मनून खरं आठोलं काय?

आन मले कायले सांगून राह्यला? मले तं पयलेच मालूम आहे. ज्याईले मालूम नाही त्याईले सांग ना. कागदावरचं मी वाचतो, इहिरीवर कोन वाचते?

बैठकीत मी 'माहीच' मनलं तं मले वाटलं तू आता उठशीन. तू चप्पल पाहून राह्यला. अम्मी अजून विचारते, उकंडा क्या बोला रे, बेटा? तुह्या घरी पानी नव्हतं तवा तिनं आपल्या माठातून तुले तुह्या हातानं घेऊ देल्लं, मनून विचारते. मी तिले सांगतो, बोला अम्मी, बहुत बोला, तुमको सुनाई नहीं दिया.

पट्टा माह्यापाशी आहे. तो कागदानं येनार नाही.

वहाब


इंझोरी,
१४ फेब्रुवारी

वहाब,

हो. चक्की पाहिजे होती म्हणूनच खरं आठवलं. भुकटी पुरली असती तर विहीर साफ करून, शाबासकी घेऊन मी गुजरातला परत गेलो असतो आणि तुला कधीतरी एक पत्र टाकलं असतं, की बघ, झालं सगळं ठीक.

काल रविवार. विहारात वंदना झाली. कोणी उठायच्या आत मी म्हणालो, सगळे विहिरीवर चला. त्यांना वाटलं, काम सुरू होतं आहे. बायाही आल्या. मी काठावर उभा राहिलो. धुरपताबाई म्हणाली, "खाली उतर रे बापा, पडशीन."

मी उतरलो नाही. म्हणालो, टाकी पुरायची अक्कल माझी. वेल्डिंग नको म्हणणारा मी. जोड माझ्या हातचा. वहाबनं बैठकीत माझं नाव झाकलं आणि मी ते झाकू दिलं.

तुला वाटत असेल, मारहाण झाली. नाही झाली. झाली असती तर सोपं गेलं असतं. दादाच्या हातात उपसायचा दोर होता, तो त्यानं खाली ठेवला. बराच वेळ तो चक्कीच्या बंद दाराकडे बघत होता.

"मी त्याच्या दारावर थुकलो होतो, उकंडा," तो म्हणाला. "त्याची माय पाहून राह्यली होती. आन तू माह्या बाजूले उभा होता."

मग भागिरथाआजी. तिचं वय कोणालाच माहीत नाही आणि तिच्या जिभेला हाड कधीच नव्हतं. "आता समजलं मले, इतके दिस याच्या तोंडून काहून शब्द निंघत नव्हता. यानं आपलंच गवारीचं पानी पेलं होतं." दोन-चार जण हसले. ती हसली नाही. "वहाबले गावातून काढलं. मंग याले काय करा?"

मग भागिरथाआजीच म्हणाली, "याले कोठी काढू नका. काढलं तं सुटते. जवरिक आपली इहीर साफ होत नाही तवरिक वरच्या इहिरीवर कळशी घेऊन हा उभा राहीन. सगळ्या वस्तीचं पानी हाच भरीन."

माझी आई मागे उभी होती. ती पुढे आली. डोक्यावरची चुंबळ काढली, माझ्या हातात दिली आणि घरी निघून गेली.

आज सकाळी मी गेलो. पॅन्ट घालून, कारण धोतर मला नेसता येत नाही. माणिकराव ओट्यावर दात घासत होते. "अरे, गुजरातचे साहेब! या, या," म्हणाले आणि तिथेच बसले. सेवालाल वर चढला. तो माझ्याकडे बघत नव्हता. "खाली धर भाऊ, मालक पाहून राह्यले," एवढं हळूच बोलला. वरून पडणारं पाणी निम्मं कळशीत जातं, निम्मं अंगावर. कळशी हलू द्यायची नसते, मान वर करायची नसते, नाहीतर डोळ्यात जातं. आईनं नऊ महिने हे केलं. मी आज बावीस खेपा केल्या.

तू पट्टा आण असं या पत्रात मी म्हणत नाही. बायांनी गवार भाजून, भरडून, पाखडून ठेवली आहे. ते घडलं तसं कळवलं.

उकंडा


इंझोरी,
२ मार्च

वहाब,

तू आलास. अठरा तारखेच्या सकाळी पट्टा खांद्यावर घेऊन सरळ चक्कीकडे गेलास. दारावरचे थुंकीचे डाग कोणीतरी आधीच धुऊन काढले होते. दादानं, हे तुला कळलं असेलच. तू दिवसभर दळलंस. आईशी बोललास, दगडांशी बोललास, दादाचा चहासुद्धा घेतलास. माझ्याशी नाही. संध्याकाळच्या गाडीनं गेलास, पट्टा घेऊन. मी तक्रार करत नाही. दळण असं निघालं की आमच्या साहेबांनी तसं पाहिलेलं नाही.

आईनं आणि सात-आठ बायांनी हौदाभोवती बसून भुकटी वैरली, हाटली आणि लुगड्याच्या फडक्यातून दोनदा गाळली. एक गाठ नाही. एकोणीस तारखेपासून आम्ही खड्ड्यात ओतत आहोत, दर दिवशी ताजं, कारण तीन दिवसांत ते आंबतं. प्रयोगशाळेत आंबू नये म्हणून औषध घालतात. ते विषारी असतं, पिण्याच्या विहिरीत घालणार कसं? तिकडे विहीर उपसणं चालूच. पुरुषांच्या पाळ्या लावल्या आहेत. मी आधी वरच्या विहिरीच्या खेपा करतो, मग इथे येतो.

अकरा दिवस काही झालं नाही. पाणी पूर्वीपेक्षा थोडं चांगलंच दिसत होतं. मी सगळ्यांना सांगितलं होतं, आधी वाईट होईल. पुढे ढकललेलं तेल एकदम येईल, घाबरू नका. माझ्या सांगण्यावर आता कोण विश्वास ठेवतो?

आज सकाळी ते आलं. चक्कीच्या अंगाचा झरा आधी काळसर झाला, मग त्यातून नुसतं डिझेल यायला लागलं. बादली वर आली ती निम्मी तेलाची. पाहता पाहता सगळी विहीर झाकली गेली. वास घराघरात गेला. बाया रडायला लागल्या. धुरपताबाईचा थोरला मुलगा फावडं घेऊन खड्डा बुजवायला धावला. "यानं पयले मारली, आता गाडून राह्यला!" मी त्याच्या आडवा गेलो, त्यानं मला ढकललं, मी खड्ड्यातच पडलो, कमरेइतक्या त्या चिकट पाण्यात. हसू नकोस. किंवा हस.

दादा येऊन खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. म्हणाला, "बुजवाचा असन तं मले धरून बुजवा." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "खरं सांग. तुले येते का नाही येते?"

मी म्हणालो, "नळीत येतं, दादा. जमिनीत मी कधी केलं नाही. मला माहीत नाही."

तो शब्द तोंडातून निघाला, वहाब. सगळ्यांसमोर. मला वाटलं, आता संपलं. दादानं दोर उचलला आणि म्हणाला, "मंग उपसा."

ते अजून उपसत आहेत. तीन दिवसांनी होळी. त्यानंतर वरची विहीर बंद, आणि आपली अशी. मी चुकलो असेन तर या वस्तीला दोन्हीकडून पाणी नाही आणि ते माझ्यामुळे. मला भीती वाटते. ती तुलाच सांगावीशी वाटली.

उकंडा


इंझोरी,
२७ मार्च

वहाब,

सहा दिवस डिझेल आलं. ते डब्यांत भरून, उरलेलं गोणपाटानं टिपून काढलं. मग चार दिवस आंबट वासाचं पांढुरकं पाणी, म्हणजे घट्ट पाणी इकडे पोचलं. ते आंबून आपोआप पातळ होत गेलं. होळीपासून माणिकरावांनी विहीर बंद केली. नाल्याच्या वाळूत झिरे उकरून वस्तीनं तीन आठवडे काढले. ते पाणीही मीच भरलं. माझी रजा संपली आहे, नोकरीचं काय होईल ते गेल्यावर कळेल.

गेले दहा दिवस विहिरीवर तवंग नाही. वास नाही. बाटलीत भरून उन्हात धरलं, दवाखान्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, प्यायला हरकत नाही. मीही एक दोष सांगून ठेवतो, झाकत नाही. चक्कीच्या अंगाचा झरा पूर्वीसारखा वाहत नाही. बारीक येतो. घट्ट पाणी सगळंच्या सगळं निघून जात नाही, थोडं वाळूच्या कणांना चिकटून राहतंच. हे नळीतही होतं. नळी पुन्हा पहिल्यासारखी वाहत नाही, पण वाहते.

आज सकाळी सगळे जमले. पहिली कळशी कोणी भरायची यावर बोलणं सुरू झालं. आईनं कोणाला विचारलं नाही. घरून आमचा पितळी तांब्या घासून आणला, दोर सोडला, स्वतः ओढला, तांब्या भरला आणि वर फडकं बांधलं. भागिरथाआजी म्हणाली, "पे ना, माय." आई म्हणाली, "पयलं रहमतबीचं. आमची इहीर नव्हती तवा तिच्या माठातलं आमी पेलो. मंग आमी."

ती उद्या दहाच्या गाडीनं तांब्या मांडीवर घेऊन निघते आहे. ती परत येईपर्यंत वस्तीत कोणी या विहिरीचं पाणी पिणार नाही, असं बायांनीच ठरवलं. मी म्हटलं, सोबत येतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुले कोनी बलावलं?"

चुंबळ अजून माझ्यापाशीच आहे. तिनं परत मागितली नाही.

उकंडा


रिसोड
ता. ३० मार्च

उकंड्या,

तुही माय आली. एसटीत एवढे धक्के खाल्ले, पन तांब्या भरलेलाच होता. अम्मीनं दोन्ही हातानं धरून पेलं, डोळे पुसले, मनाली, मीठा है. मंग तुही माय आन अम्मी अशा रडल्या का हुस्नाबानोनं दुकानाचं दार लावून घेतलं. तिनं बी पेलं. पोरायनं पेलं.

तुह्या मायनं मले देल्लं. मी घेतलं नाही. तिले वाईट वाटलं, पन तिनं काहून ते विचारलं नाही. तिले समजते.

निंघतानी तांब्या घेऊन चालली होती. मी मनलं, राहू दे, मावशी. अजून माह्या घोटापुरतं पानी त्यात आहे. फडकं बांधून वर ठेवलं आहे.

मी तुले बलावून नाही राह्यलो. आधीच सांगतो.

पन तांब्या तुह्या घरचा आहे. न्याले ये.

वहाब